कराची ते जुहू : सव्वासात तास

दोन शहरांमधलं अंतर घ्या, विमानाच्या वेगानं भागा, झाला प्रवासाचा वेळ. कराची ते मुंबई सरळ रेषेत साधारण 870 किलोमीटर. जे. आर. डी. टाटांचं पस मॉथ विमान जायचं ताशी 160 च्या आसपास. उत्तर साडेपाच तास. पण 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी सकाळी 6.35 ला कराचीहून उडाले आणि जुहूला टेकले दुपारी 1.50 ला. म्हणजे सव्वासात तास! मधले पावणेदोन तास गेले कुठे?

एवढ्याशा विमानाला वाटेत पेट्रोल लागणारच. म्हणून रस्ता अहमदाबादवरून, म्हणजे सुमारे 1030 किलोमीटर. यातच एक तास वाढला. उरलेला पाऊण तास अहमदाबादला. तिथं विमानाचं पेट्रोल आलं चक्क बैलगाडीतून! सोबत रेडिओ नाही, दुसरा माणूस नाही, फक्त 25 किलो टपाल. पुढं ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. या टपालसेवेची मूळ कल्पना व्हिन्सेंट यांचीच, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

आपल्या होस्टेलमध्ये कुणाला फारसं माहीत नसेल, पण या माणसाकडं इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. 1904 साली पॅरिसला जन्म, आई फ्रेंच. लहानपणी सुट्टीत समुद्रकाठी शेजारी कोण, तर इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडणारे ब्लेरिओ. मग विमानाचं वेड लागणारच की! केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं ठरलं होतं, पण 1925 मध्ये वडिलांनी भारतात बोलावून घेतलं आणि बिनपगारी उमेदवारीला बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. केंब्रिज राहिलं ते राहिलंच, आणि ती खंत त्यांना जन्मभर होती. विमानाचा परवाना मात्र 1929 मध्ये मिळवला, भारतात दिलेला पहिला.

मला स्वतःला त्यांची 1930 ची शर्यत जास्त आवडते. भारत ते इंग्लंड एकट्यानं उडायचं, कुठूनही सुरू करा. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकानं जिंकले!

1948 मध्ये एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान सुरू झालं, 1953 मध्ये कंपनी सरकारजमा झाली, 1978 मध्ये सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, हा गृहस्थ लेपर्ड मॉथ घेऊन पुन्हा एकटा कराचीहून जुहूला आला. 1993 मध्ये ते गेले.

त्यानंतर काय झालं? अंतर तेच, 870. जेटला दीड तास पुरे. पण थेट विमानसेवा आधीच बंद पडली होती, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. कराचीचा माणूस मुंबईला यायचा म्हटला तर दुबईमार्गे. तीन हजारांवर किलोमीटर, दोन उड्डाणांचे मिळून पाचेक तास, वर दुबईतला मुक्काम. बेरीज सव्वासात तासांच्या पुढे सहज जाते.