दिवसभर टीव्हीवर क्रिकेटच का दिसतं? उत्तर केरी पॅकर यांच्या आयुष्यात सापडतं

१९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टीव्हीवर क्रिकेट बघणं म्हणजे अर्धवट कारभार होता. मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असायचा. त्यामुळे एका ओव्हरला फलंदाज समोरून दिसायचा आणि पुढच्या ओव्हरला त्याची नुसती पाठ. सामना संपेपर्यंत हेच चालायचं.

हे चित्र बदलणारा माणूस क्रिकेटपटू नव्हता. तो एका टीव्ही चॅनेलचा मालक होता. नाव केरी पॅकर. कोणता खेळ टीव्हीवर दिसणार आणि कोणता नाही, हे कसं ठरतं याचं गणित समजून घ्यायचं असेल, तर पॅकर यांची गोष्ट माहीत असायलाच हवी.

वारसदार दुसराच होता

पॅकर यांचा जन्म १७ डिसेंबर १९३७ चा, सिडनीतला. वडील सर फ्रँक पॅकर म्हणजे ऑस्ट्रेलियातलं बडं प्रस्थ. वर्तमानपत्रं, मासिकं आणि सिडनीचं चॅनेल नाइन त्यांच्या मालकीचं. केरी लहान असताना त्यांना पोलिओ झाला. श्वास चालू राहावा म्हणून त्यांना यंत्रात ठेवावं लागलं. त्यात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरांशी झगडा. शाळेत त्यांची प्रगती यथातथाच होती.

वडिलांच्या डोळ्यांसमोर वारस म्हणून होता थोरला मुलगा क्लाइड. पण १९७२ मध्ये बापलेकाचं बिनसलं आणि क्लाइड बाहेर पडले. १९७४ मध्ये सर फ्रँक गेले आणि सगळा कारभार ३६ वर्षांच्या केरी यांच्या हातात आला.

रंगीत टीव्ही आला आणि गणित बदललं

१ मार्च १९७५ रोजी ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही सुरू झाला. हिरवंगार मैदान आता हिरवं दिसू लागलं. दुसरीकडे, चॅनेलने ठरावीक प्रमाणात देशी कार्यक्रम दाखवलेच पाहिजेत असा सरकारी नियम होता. देशी मालिका काढायची तर लेखक, कलाकार, सेट असा मोठा खर्च. खेळाचं तसं नसतं. मैदान तयार, खेळाडू तयार, आणि शेवट काय होणार हे कोणालाच माहीत नाही.

त्यातही क्रिकेट पॅकर यांच्या नजरेत भरलं. एक कसोटी म्हणजे पाच दिवस, रोज सहा तास. संपूर्ण उन्हाळा भरून निघतो. आणि खरी मेख म्हणजे, प्रत्येक ओव्हरनंतर खेळ आपसूक थांबतो. विकेट पडली की पुन्हा थांबतो. म्हणजे जाहिरातीला जागा. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं सलग खेळ चालतो, मध्ये जाहिरात घुसवायची तर गोल हुकण्याची भीती.

१९७६ मध्ये पॅकर यांनी ऑस्ट्रेलियन क्रिकेट बोर्डाला तीन वर्षांच्या हक्कांसाठी १५ लाख डॉलर देऊ केले. बोर्डाने नकार दिला आणि हक्क सरकारी एबीसीला दिले. किंमत? तीन वर्षांचे २ लाख १० हजार डॉलर. सातपट रक्कम देणारा माणूस दारातून परत गेला, कारण बोर्डाचे आणि एबीसीचे संबंध जुने होते.

सामने मिळत नाहीत, तर खेळाडूच घ्या

पॅकर यांनी मग सरळ खेळाडूंनाच करारबद्ध करायला सुरुवात केली, तेही गुपचूप. हे सोपं गेलं, कारण तेव्हा देशासाठी खेळणाऱ्यांनाही क्रिकेटच्या पैशांवर घर चालवणं कठीण होतं. स्टेडियम भरायचं, पण त्या पैशातलं खेळाडूच्या हातात फार थोडं पडायचं. बरेच जण नोकरी सांभाळून खेळत.

९ मे १९७७ रोजी बातमी फुटली आणि क्रिकेटविश्व हादरलं. ग्रेग चॅपल, डेनिस लिली, क्लाइव्ह लॉइड यांच्यासारखी नावं यादीत होती. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग तर इतरांना गोळा करत होता. इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या १७ पैकी १३ खेळाडूंनी आधीच सह्या केल्या होत्या.

आयसीसीने बंदीचा बडगा उगारला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. ३१ दिवस सुनावणी चालली आणि २५ नोव्हेंबर १९७७ रोजी निकाल पॅकर यांच्या बाजूने लागला. खेळाडूंना अशी बंदी घालून त्यांच्या पोटावर पाय देता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

पॅकरची सर्कस

आठवड्याभरात वर्ल्ड सिरीज क्रिकेट सुरू झालं. टीकाकारांनी त्याला सर्कस म्हणून हिणवलं. नेहमीची मोठी मैदानं मिळाली नाहीत, म्हणून फुटबॉलची आणि घोड्यांच्या शर्यतीची मैदानं घेतली. खेळपट्ट्या काचघरात वाढवून क्रेनने मैदानात बसवल्या. पहिल्या हंगामात प्रेक्षक फारसे फिरकलेच नाहीत, मोकळ्या खुर्च्यांसमोर खेळ चालायचा.

त्याच मोसमात बिशनसिंग बेदींचा भारतीय संघ ऑस्ट्रेलियात होता. मुख्य खेळाडू पॅकर यांच्याकडे गेल्याने बोर्डाने ४१ वर्षांच्या बॉब सिम्पसन यांना निवृत्तीतून परत बोलावून कर्णधार केलं. चुरशीची ती मालिका भारताने ३-२ अशी गमावली.

पॅकर मात्र हटले नाहीत. दोन्ही टोकांना कॅमेरे लागले, स्टंपजवळ माइक आले. कामावरून घरी आलेल्या माणसाला सामना दिसावा म्हणून खेळ रात्री नेला. दिव्यांखाली लाल चेंडू नीट दिसेना, म्हणून पांढरा आणला. मग पांढऱ्या कपड्यांसमोर तो उठून दिसावा म्हणून रंगीत कपडे आले. आज ज्याला आपण वनडे क्रिकेट म्हणून ओळखतो, त्यातलं बरंचसं असं टीव्हीच्या सोयीने ठरलं आहे.

२८ नोव्हेंबर १९७८ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर दिव्यांखाली सामना झाला आणि ४४ हजारांहून जास्त लोक आले. त्याच मोसमात बोर्डाचा अधिकृत संघ इंग्लंडकडून ५-१ असा हरला. बोर्डाची तिजोरी रिकामी होत चालली होती. अखेर ३० मे १९७९ रोजी तडजोड झाली आणि चॅनेल नाइनला हवे ते हक्क मिळाले.

पुढच्या मोसमात आणखी एक बदल झाला. ऑस्ट्रेलियात तोवर ओव्हर आठ चेंडूंची असायची, ती सहाची झाली. चेंडू तेवढेच, ओव्हर जास्त, म्हणजे जाहिरातींच्या जागाही जास्त.

या बदललेल्या क्रिकेटची चव भारतानेही चाखली. १९८५ मध्ये मेलबर्नच्या दिव्यांखाली सुनील गावसकर यांच्या संघाने पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि मुंबईच्या रवी शास्त्रींना ऑडी मिळाली.

शेवट

१९८७ मध्ये पॅकर यांनी आपली चॅनेल्स सुमारे एक अब्ज डॉलरला विकली आणि तीन वर्षांनी त्याहून कितीतरी कमी किमतीत परत मिळवली. १९९० मध्येच पोलो खेळताना त्यांचं हृदय काही मिनिटं बंद पडलं. आलेल्या रुग्णवाहिकेत योगायोगाने विजेचा झटका देणारं यंत्र होतं, म्हणून ते वाचले. नंतर राज्यातल्या रुग्णवाहिकांत ही यंत्रं बसवण्यासाठी त्यांनी स्वतः पैसे दिले. २६ डिसेंबर २००५ रोजी सिडनीत त्यांचं निधन झालं. त्याच दिवशी मेलबर्नमध्ये कसोटी सुरू झाली होती.

मग बाकीच्या खेळांचं काय?

जानेवारी १९७८ मध्ये, म्हणजे पॅकर यांच्या पहिल्याच हंगामात, भारतात महिलांचा वर्ल्ड कप झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी तो पहिल्यांदा जिंकला. खेळ तोच, ओव्हरनंतरची विश्रांतीही तीच. पण पॅकर यांनी करारबद्ध केलेल्यांत एकही महिला नव्हती.

इथे गणिताची दुसरी बाजू दिसते. खेळ टीव्हीच्या सोयीचा असून भागत नाही, कोणीतरी त्यावर पैसा लावावा लागतो. दाखवलं की चाहते वाढतात, चाहते वाढले की जाहिराती येतात, आणि जाहिराती आल्या की आणखी दाखवलं जातं. ज्याच्यावर कोणी सुरुवातीला पैसा लावत नाही, तो खेळ या चक्राच्या बाहेरच राहतो.

हे चक्र फिरवता येतं, हे आपल्या मातीतल्या कबड्डीने दाखवलं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा मॅट, झगमगाट आणि ३० सेकंदांची चढाई असा खेळ संध्याकाळच्या टीव्हीत बसवला गेला. महिला क्रिकेटलाही वाट मिळाली, पण उशिरा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी महिला प्रीमियर लीगचे हक्क ९५१ कोटींना गेले. त्याच पाच वर्षांचे पुरुषांच्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींचे आहेत. पॅकर यांनी पैसा लावला त्या मोसमात सुरू झालेलं अंतर अजून भरून निघालेलं नाही.