मुंबईतल्या प्लेगच्या आकड्यांवरून साथीचं गणित मांडणारा डॉक्टर

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. या काळात मुंबईत दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं दगावली, ते आकडे आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज दिसणारी, आधी चढणारी आणि मग उतरणारी रेषा आठवते? तिची मूळ प्रत याच आकड्यांवर तपासली गेली होती. ती मांडणाऱ्यांपैकी एक होते डॉ. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक.

प्लेग म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नव्हतं. वाईशेजारच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. सातारा-रत्नागिरीकडून पोटासाठी मुंबईला गेलेल्या कामगारांनी साथीच्या भीतीनं पुन्हा गावाची वाट धरली होती.

मॅकेंड्रिक यांचा जन्म १८७६ मध्ये एडिंबराचा. ग्लासगोत डॉक्टर होऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. १९०१ मध्ये मलेरियावाल्या रोनाल्ड रॉस यांच्यासोबत ते सिएरा लिओनला गेले होते. डासांचं गणित मांडणाऱ्या या माणसाच्या संगतीचा परिणाम पुढे दिसलाच. नंतर कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांवर उपचार करता करता ते तिथले संचालक झाले. १९२० मध्ये आजारपणामुळे मायदेशी परतावं लागलं, आणि एडिंबरातल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली.

१९२६ च्या त्यांच्या एका लेखातला किस्सा तर एखाद्या गुप्तहेराच्या गोष्टीसारखा आहे. भारतातल्या एका खेड्यात कॉलरा झाला. घरं २२३. त्यातल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. आता हे ८६ जण सगळ्या गावात निव्वळ योगायोगानं विखुरलेले असते, तर एकच रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास निघायला हवी होती. निघाली ३२. उलट दोन किंवा जास्त रुग्णांची घरं हिशेबापेक्षा बरीच जास्त. म्हणजे धोका सगळ्या गावाला नव्हताच! मॅकेंड्रिक यांच्या गणितानुसार तो फक्त ९३ घरांना होता आणि ती बहुधा एकाच दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत. गावात चौकशी केली तेव्हा तशी विहीर खरंच सापडली.

प्रयोगशाळेत त्यांना जोडीदार मिळाला विल्यम कर्मॅक, मूळचा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोग करताना झालेल्या स्फोटात कर्मॅक यांची दृष्टी गेली होती. ते गणित डोक्यात करत. दोघांनी १९२७ मध्ये साथीचं मॉडेल छापलं. लोकांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले (बरे होऊन किंवा मरून). नवी लागण किती, हे पहिल्या दोन गटांच्या गाठीभेटींवर ठरतं. दोन रसायनं किती वेगानं एकमेकांत मिसळून बदलतात, त्याचाच हा नियम. यातून निघालेला निष्कर्ष मोठा होता. साथ थांबायला गावातला प्रत्येक जण आजारी पडावा लागत नाही, त्याआधीच ती विझते.

मुंबईच्या आकड्यांशी त्यांची रेषा सुरेख जुळली. शिखराच्या आठवड्यात ९०० च्या जवळपास मृत्यू. पण गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला क्वचितच होतो. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि मुंबईत तो दरवर्षी ठरावीक महिन्यांतच उसळायचा, कारण पिसवांना हवामान मानवावं लागतं. मॉडेलमध्ये ऋतू नव्हताच. उंदरांची अडचण दोघांनी लेखात स्वतःच मान्य केली होती, हा त्यांचा प्रामाणिकपणा. नंतर ती रेषा छापणारे अनेक जण मात्र तेवढंच गाळत आले.

आज हाच हिशेब माणसाच्या शरीरात शिरला आहे. जखम झाली की जंतू आणि पांढऱ्या पेशी समोरासमोर येतात, सूज येते. सूज कमी पडली तर जंतू माजतात. ओसरलीच नाही तर जखम चिघळत राहते, मधुमेह्यांच्या पायाला होतं तसं. संगणकावर या झटापटीचं मॉडेल करताना गाठीभेटींचा तोच नियम वापरतात. वयानुसार संख्या कशी बदलते याचं मॅकेंड्रिक यांचं १९२६ चं समीकरण तर पुढे थेट पेशींना लागू झालं. आणि प्लेगवाला प्रश्न इथेही उभाच राहतो. रेषा रुग्णाच्या रक्ततपासणीशी जुळली, पण योग्य कारणानं जुळली का? तिच्यावरून औषधाचा डोस ठरवायचा असेल तर हे आधी पाहावं लागतं.

स्वतः मॅकेंड्रिक कसौलीचं काम विसरले नाहीत. राष्ट्रसंघासाठी ते देशोदेशीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे अहवाल गोळा करत, आणि किती जणांना कुत्रं चावलं, किती जणांनी लस घेतली, त्यातले किती वाचले, याचा ताळा मांडत. हे काम दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. १९४३ च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं.