सायमन स्टीव्हिन : मायबोलीतून शास्त्र सांगणारा गणिती

केरीहून तेरेखोलला जाताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या सुकाणूवरचा माणूस बोटीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे न ठेवता थोडे उजवीकडे, नदीच्या वरच्या अंगाला धरतो. बोट सरळ हाकली, तर पाणी तिला डावीकडे, समुद्राच्या बाजूस ओढून नेईल, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. भिन्न दिशांच्या दोन गती मिळून एकच परिणाम कसा घडतो, हे भौतिकशास्त्राच्या तासाला आपण सदिशांची बेरीज या नावाने शिकतो. या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत सायमन स्टीव्हिनचे नाव अग्रभागी आहे. त्याचे बोधप्रद चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

स्टीव्हिनचा जन्म १५४८ साली फ्लँडर्समधील ब्रूज या शहरी झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. तरुणपणी त्याने अँटवर्प येथे हिशेबनिसाचे काम केले व पुढे ब्रूजच्या करवसुली कचेरीत नोकरी धरली. त्या काळी हा मुलूख स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होता आणि उत्तरेकडील प्रांतांनी त्याविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले होते. स्टीव्हिन उत्तरेस लायडन येथे गेला आणि १५८३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तेथील विद्यापीठात त्याने नाव घातले. ज्या वयात सामान्य माणूस प्रपंचात गढून पाटी-पुस्तक विसरलेला असतो, त्या वयात हा हिशेबनीस विद्यार्थी झाला!

१५८५ साली त्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. युरोपातील व्यापारी व मोजणीदार यांची किचकट अपूर्णांकांतून सुटका करण्याचा मार्ग तिने दाखविला. पुढच्याच वर्षी वजन आणि समतोल यांवरील त्याचा ग्रंथ निघाला. त्यात त्याने एक उभा त्रिकोण कल्पिला. त्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर सारख्या वजनाच्या १४ गोळ्यांची माळ घातली. लांब उतारावर ४, आखूड उतारावर २ आणि खाली लोंबकळणारे ८. ही माळ आपोआप फिरू लागली, तर ती अखंड फिरतच राहील. आणि हे तर अशक्य! खालचे गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात. म्हणजे लांब उतारावरचे ४ गोळे आखूड उतारावरच्या २ गोळ्यांना तोलून धरतात. या साध्या विचारातून तो बलांच्या त्रिकोणापर्यंत पोहोचला. बल रेषेने दाखवावे. रेषेची लांबी हे बलाचे मान आणि तिची दिशा ही बलाची दिशा. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात समांतरभुज चौकोनाचा नियम मांडला. वेगांनाही तोच नियम लागू पडतो.

आता आपली फेरीबोट घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून तिचा वेग ताशी ४ किलोमीटर व ओहोटीचा ३ मानू. बोटीचे तोंड सरळ समोर असेल, तर कागदावर ४ सेंटिमीटरची उभी रेषा काढावी. तिच्या टोकापासून डावीकडे ३ सेंटिमीटरची आडवी रेषा काढावी. आरंभबिंदू व शेवटचा बिंदू जोडला की ५ सेंटिमीटरची रेषा मिळते. बोट ताशी ५ किलोमीटर वेगाने, पण सुमारे ३७ अंश डावीकडे जाईल. ही आलेखाची रीत होय.

बोटीचे तोंड ३० अंश उजवीकडे वळविले, तर तिच्या वेगाचे दोन घटक पाडावे. समोरच्या दिशेस ३.४६ आणि उजवीकडे २. ओहोटी डावीकडे ३ ने ओढते. म्हणून डावीकडे १ उरतो. ३.४६ व १ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३.६१, हाच परिणामी वेग. बोट आता केवळ १६ अंश ढळते. पट्टीने मोजताना केसाएवढी चूक राहतेच. या गणिती रीतीत दशांश हवे तितके पुढे नेता येतात. ही रीत स्टीव्हिनच्या नंतर रूढ झाली, पण तिला लागणारे दशांश त्यानेच लोकांच्या हाती दिले होते. नेमके धक्क्यावर पोहोचण्यास तोंड किती वळवावे, हे वाचकांनी स्वतःच काढून पाहावे.

स्टीव्हिन पुढे राजपुत्र मॉरिसचा शिक्षक व सल्लागार झाला. त्याने किल्ले, कालवे व पाण्याचे दरवाजे यांच्या योजना आखल्या. समुद्रकिनाऱ्यावर धावणारी शिडाची गाडीही बांधली. १६२० साली त्याचे निधन झाले.

परंतु आम्हांस त्याची सर्वांत मोठी कामगिरी वाटते ती निराळीच. विद्वानांची भाषा त्या काळी लॅटिन होती. ती न येणाऱ्या सुताराने, गवंड्याने, खलाशाने शास्त्रापासून वंचित का राहावे? म्हणून त्याने आपले मुख्य ग्रंथ डच भाषेत लिहिले आणि नसलेले शब्द नव्याने घडविले. गणितासाठी आज डच मुले जो शब्द वापरतात, तो त्याच्याच शब्दावरून आला. १६०० साली लायडनला डच भाषेतून अभियांत्रिकी शिकविणारी शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रमही त्यानेच आखला.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी गणित व पदार्थविज्ञान यांवर मराठीत शालेय पुस्तके लिहिली, ती याच मार्गाने जाऊन. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या खेड्यापाड्यांतून पदरमोड करून मराठी शाळा चालविणाऱ्यांचेही ऋण आम्ही विसरू शकत नाही. आपल्या भाषेत शास्त्र शिकणे म्हणजे उणे शिकणे नव्हे. मात्र इतर भाषांचा प्रवाहही ओळखला पाहिजे. पैलतीर गाठायचा तर प्रवाहाचा द्वेष करून चालत नाही. त्याचा हिशेब करून सुकाणू धरावे लागते.