आकडे न जुळवणारा रसायनशास्त्रज्ञ : मार्टिन क्लाप्रोथ



युरेनियम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ते ज्यांनी शोधलं, त्यांनीच जुन्या काचेचं पहिलंवहिलं रासायनिक पृथक्करण केलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मार्टिन हाइनरिश क्लाप्रोथ यांचा जन्म १७४३ साली जर्मनीतल्या वेर्निगेरोड गावी झाला. १७५१ मध्ये आगीत घर गेलं आणि घरची परिस्थिती बिघडली. पुढे ते औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागले. बर्लिनमध्ये ज्यांच्या दुकानात ते काम करत, ते वालेंटिन रोझ १७७१ मध्ये वारले. क्लाप्रोथ यांनी दुकान तर चालवलंच, पण मालकाच्या मुलांनाही लहानाचं मोठं केलं. १७८९ मध्ये त्यांनी युरेनियम आणि झिर्कोनियम शोधलं. दुकानात शिकलेला हा माणूस १८१० साली बर्लिन विद्यापीठात रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला!

१७९८ मध्ये त्यांनी इटलीतल्या काप्री बेटावरच्या रोमन महालातले काचेचे तुकडे तपासले. गंमत म्हणजे लाल आणि हिरवा, दोन्ही रंग तांब्याचेच निघाले. भट्टीत हवा कमी असली की तांबं काचेला लाल करतं, भरपूर असली की हिरवं.

त्या काळी पृथक्करणाची बेरीज शंभर भरली नाही, तर बरेच जण आकडे जुळवून घेत. क्लाप्रोथ आलेली बेरीज तुटीसकट छापत. अशाच एका तुटीचा माग काढताना १७९७ मध्ये त्यांना ल्यूसाइट या खनिजात पोटॅश सापडलं. तोवर पोटॅश फक्त वनस्पतींतून मिळतं अशी समजूत होती.

जुन्या काचेच्या अभ्यासात आज हेच पोटॅश कामाला येतं. रोमन काचेत खनिज सोडा असे, तर मध्ययुगात आल्प्सच्या उत्तरेकडे लाकडाची राख वापरत. त्यामुळे चर्चच्या खिडकीची काच तपासली, की पोटॅशवरून ती कुठल्या परंपरेतली ते कळतं.

टेलुरियमला नाव क्लाप्रोथ यांनी दिलं, पण शोधाचं श्रेय मात्र मूळ संशोधक म्युलर यांनाच दिलं. १८१७ च्या पहिल्याच दिवशी ते वारले.

आम्ही संगणकवाले दिवसभर आकड्यांशीच खेळतो. बेरीज चुकली की ती दुरुस्त करून टाकायचा मोह कुणाला होत नाही? पण क्लाप्रोथ यांनी तूट झाकली असती, तर ल्यूसाइटमधलं पोटॅश त्यांच्या हाती लागलं नसतं. आपल्याला काय वाटतं, जरूर कळवा.