मुष्टियुद्धवीर पीटर जॅक्सन

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत संतांचीं व धर्मप्रचारकांचीं चरित्रें वाचण्याची आपणांस संवय आहे. त्यांच्या पंगतीला आम्ही एका मुष्टियोद्ध्याला आणून बसवीत आहों, हें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु करिंथ येथील ख्रिस्तीजनांस आत्मसंयमन शिकवितांना संत पौलानें मुष्टियुद्धाचाच दाखला घेतला होता, हें ध्यानांत आणलें म्हणजे तें नवल ओसरेल. ज्याचें चरित्र येथें सांगावयाचें आहे तो पीटर जॅक्सन संत नव्हता, आणि त्याचे दोष आम्ही झांकणार नाहीं. बाहूंत अपार बळ असूनही खचलेल्या माणसावर हात उगारण्यास तो कचरत असे. आणि ज्या पदासाठीं तो सर्वतोपरी पात्र होता तें पद मिळविण्याची संधि केवळ कातडीच्या रंगामुळें त्याला नाकारण्यांत आली. त्याच्या कथेंत आपणां कॅथलिकांना खालीं पाहावयास लावणाराही एक भाग आहे. तोही सांगितलाच पाहिजे.

वेस्ट इंडीजमध्यें सेंट क्रॉय नांवाचें एक लहानसें बेट आहे. त्या काळीं तें डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालीं होतें. पुढें १९१७ सालीं तें अमेरिकेच्या ताब्यांत गेलें. उंसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज हीच तेथील बहुतेक वस्ती. १८४८ च्या जुलै महिन्यांत तेथील गुलामगिरी उठली, आणि त्यानंतर बारा-तेरा वर्षांनीं, म्हणजे १८६१ च्या सुमारास, पीटरचा जन्म झाला. जन्मतःच स्वतंत्र असलेल्या पहिल्या पिढीपैकीं तो एक होय. लहान वयांतच त्यानें खलाशाचा पेशा पत्करला, आणि जहाजांवर काम करीत करीत १८८० च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदरांत येऊन पोंचला.

सिडनींत त्यावेळीं लॅरी फोली नांवाचा एक नामांकित वस्ताद होता. आयरिश वंशाचा हा कॅथलिक गृहस्थ तरुणपणीं शहरांतील हिरव्या व नारिंगी टोळ्यांच्या, म्हणजे कॅथलिक व प्रॉटेस्टंट पोरांच्या, मारामाऱ्यांत पुढारी म्हणून गाजलेला होता. १८७९ सालीं एब हिकन याचा पराभव करून उघड्या मुठींच्या लढतींत तो ऑस्ट्रेलियाचा अजिंक्यवीर ठरला. पुढें आपल्या व्हाइट हॉर्स हॉटेलांत त्यानें तालीम काढली. क्वीन्सबेरीच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या नव्या नियमांप्रमाणें, हातमोजे घालून व तीन तीन मिनिटांच्या फेऱ्या पाळून लढण्याची विद्या तो तेथें शिकवूं लागला. गल्लींतल्या दांडगाईला त्यानें कलेचें वळण लावलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. याच फोलीनें काळ्या खलाशाला शिष्य म्हणून पत्करलें. त्याच्या हाताखालून गेलेले आणखी दोन मल्ल वाचकांनीं लक्षांत ठेवावे: एक फ्रँक स्लाव्हिन आणि दुसरा बॉब फिट्झसिमन्स. हे दोघेही गोरे होते. तालीम एक, वस्ताद एक. पण पुढें तिघांच्या वाटा कशा निराळ्या झाल्या तें दिसून येईलच.

जॅक्सनची उंची सुमारें सहा फूट एक इंच होती. एवढा धिप्पाड माणूस जड पावलांचा असावयाचा अशी लोकांची समजूत असते, पण त्याची चाल हलकी व नजर तीक्ष्ण होती. त्याचा डावा हात सरळ व झटक्यासरशीं येई. प्रतिपक्ष्याला थोपवून धरावें, आपला तोल ढळूं देऊं नये, आणि घाई करूं नये, अशी त्याची लढण्याची रीत होती. आरंभींच त्याला अपयशही पाहावें लागलें. १८८४ सालीं मेलबर्न येथें बिल फार्नन यानें त्याला थोड्याच फेऱ्यांत हरविलें, आणि त्याच वर्षीं झालेला दुसरा सामना अनिर्णित राहिला. जॅक्सन पुन्हां तालमींत गेला. दोन वर्षांनंतर, २५ सप्टेंबर १८८६ रोजीं, फोलीच्या आखाड्यांत टॉम लीज याच्याशीं तो तीस फेऱ्या लढला व विजयी झाला. हेवीवेट म्हणजे सर्वांत भारी वजनाच्या गटांतील ऑस्ट्रेलियाचें अजिंक्यपद अशा रीतीनें एका गुलामांच्या वंशजाच्या हातीं आलें.

ऑस्ट्रेलियांत आतां तोडीचा गडी उरला नाहीं, म्हणून १८८८ सालीं तो अमेरिकेस सॅन फ्रान्सिस्को येथें गेला. तेथें गोऱ्या मल्लांनीं प्रथम टाळाटाळ केली. तेव्हां २४ ऑगस्ट रोजीं जॉर्ज गॉडफ्रे या कृष्णवर्णी अजिंक्यवीराशीं त्याची गांठ पडली, आणि एकोणिसाव्या फेरींत जॅक्सन जिंकला. त्याच वर्षअखेर जो मॅकऑलिफ या धिप्पाड गोऱ्या मल्लास त्यानें चोविसाव्या फेरींत लोळविलें. पुढच्या वर्षीं इंग्लंडमध्यें जाऊन तेथील अजिंक्यवीर जेम स्मिथ याच्यावरही त्यानें विजय मिळविला. दुसऱ्याच फेरींत स्मिथनें नियम मोडल्यामुळें निकाल जॅक्सनच्या बाजूनें लागला. आतां जगांत एकच दार ठोठावयाचें उरलें होतें, तें जगज्जेता जॉन एल. सॅलिव्हन याचें.

सॅलिव्हन हा बॉस्टन शहरांतील आयरिश आईबापांचा मुलगा व आपल्याच धर्माचा. १८८२ पासून तो अजिंक्य होता, आणि अमेरिकेंतील आयरिश मजूरवर्गाला तो केवळ देवासमान वाटे. त्या आयरिश लोकांनीं स्वतः दुष्काळ, देशत्याग व तुच्छता सोसलेली होती. त्यांच्या धर्मामुळें व गरिबीमुळें पुष्कळ दारें त्यांच्यापुढें बंद झालेलीं होतीं. अशा लोकांच्या लाडक्या वीरानें तरी दुसऱ्याचें दुःख ओळखावयास हवें होतें. परंतु कृष्णवर्णी माणसाशीं आपण लढणार नाहीं असें सॅलिव्हननें जाहीर केलें, व शेवटपर्यंत तो त्या शब्दास चिकटून राहिला. तिकडे या प्रकाराला रंगाची रेषा आंखणें असें नांवच पडलें होतें. जॅक्सनविरुद्ध कोणताही दुर्गुण दाखविण्याची गरज कोणास भासली नाहीं. रेषा आंखली कीं काम भागत असे.

ती रेषा ओलांडण्याचें धैर्य एकानें दाखविलें, तो जेम्स कॉर्बेट. हाही आयरिश कुळांतला कॅथलिक असून सॅन फ्रान्सिस्को येथें राहणारा होता. वय अवघें चोवीस. २१ मे १८९१ रोजीं कॅलिफोर्निया अॅथलेटिक क्लबांत दोघे समोरासमोर उभे राहिले. दहा हजार डॉलरांचें बक्षीस लागलें होतें. थोड्याच दिवसांपूर्वीं घोडागाडीच्या अपघातांत जॅक्सनचा पाय दुखावला होता, तरी त्यानें सामना पुढें ढकलला नाहीं. दोघेही कसलेले व सावध असल्यामुळें कोणीच कोणाच्या हातीं लागेना. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. सुमारें चार तास होऊन एकसष्ट फेऱ्या भरल्या, तेव्हां दोघांच्याही हातांत त्राण उरलें नव्हतें. पंचानें कोणालाच विजयी न ठरवितां सामना थांबविला. पुढें कॉर्बेटनें आपल्या आठवणींत जॅक्सनची थोरवी मोकळ्या मनानें सांगितली आहे. पण त्या दिवसाचें फळ दोघांस सारखें मिळालें नाहीं. कॉर्बेटला सॅलिव्हनशीं लढण्याची संधि मिळाली, आणि ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्याला हरवून तो जगज्जेता झाला. ज्याला तो एकसष्ट फेऱ्यांत हरवूं शकला नाहीं, तो मात्र दाराबाहेरच राहिला.

आतां जॅक्सनच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या सामन्याकडे वळूं. फोलीच्या तालमींतला त्याचा गुरुबंधु फ्रँक स्लाव्हिन हा त्याचा कडवा प्रतिस्पर्धी झाला होता. ३० मे १८९२ रोजीं लंडन येथील नॅशनल स्पोर्टिंग क्लबांत त्या दोघांची लढत ठरली. ब्रिटिश साम्राज्याच्या हेवीवेट अजिंक्यपदाचा प्रश्न होता. त्या क्लबाचे सभासद उंची पोशाखांत येत, आणि फेरी चालू असतांना कोणी ब्र काढूं नये असा तेथील दंडक होता. स्लाव्हिन बैलासारखा अंगावर येणारा. त्याचे बरगड्यांवरील घाव भयंकर. जॅक्सननें ते सोसले, डाव्या हातानें त्याला दूर ठेवलें, आणि हळूहळू त्याची शक्ति हरण केली. दहाव्या फेरींत स्लाव्हिन झोकांड्या खाऊं लागला, पण पडेना. त्याचे हात खालीं लोंबत होते. अशा वेळीं एक निर्दय ठोसा मारून शेवट करणें हें त्या धंद्याच्या रीतीस धरूनच झालें असतें. जॅक्सन मात्र थबकला आणि सामना थांबवावा म्हणून पंचाकडे पाहूं लागला. लढत चालू ठेवण्याची आज्ञा झाली. तेव्हां नाइलाजानें, जितका हलका हात ठेवतां येईल तितका ठेवून, त्यानें स्लाव्हिनला खालीं घातलें.

हें वर्तन विशेष कां, याचा वाचकांनीं विचार करावा. जॅक्सनला आयुष्यभर ज्यांनीं दूर लोटलें त्यांच्याच वर्णाचा एक मनुष्य त्यावेळीं त्याच्या हातीं असहाय सांपडला होता. मनांत सांठलेलें विष ओकण्यास याहून सोयीचा क्षण कोणता? परंतु समोर उभा असलेला स्लाव्हिन हा त्याला साऱ्या गोऱ्या जगाचा प्रतिनिधि दिसला नाहीं. एक खचलेला माणूस दिसला.

आम्ही त्याच्या सौजन्याची तारीफ करतों, पण त्या सौजन्यानें त्याच्यापुढचें दार उघडलें नाहीं. स्लाव्हिनवरील विजयानंतर त्यानें कॉर्बेटशीं पुन्हां लढण्याची मागणी केली. कॉर्बेट आतां जगज्जेता होता, आणि वाटाघाटी लांबतच गेल्या. सामना अमेरिकेच्या दक्षिण भागांत व्हावा असा एका पक्षाचा आग्रह. पण त्या भागांत कृष्णवर्णी लोकांना जमाव फांसावर चढवीत असे, तेव्हां तेथें जाण्यास जॅक्सननें नकार दिला यांत आश्चर्य नाहीं. सामना झालाच नाहीं. १८९२ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यांतील मोलाचीं सहा वर्षें, त्याला म्हणण्यासारखा एकही मोठा सामना मिळाला नाहीं. पोटासाठीं तो नाटकमंडळीबरोबर फिरला. अंकल टॉम्स केबिन या गुलामांच्या कथेवरील नाटकांत तो टॉमची भूमिका करी, आणि त्याच खेळांत प्रेक्षकांस मुष्टियुद्धाचे हातही करून दाखवी. गुलामगिरी उठल्यानंतर जन्मलेल्या या वीराला उदरनिर्वाहासाठीं रंगभूमीवर गुलामच व्हावें लागलें.

या रिकाम्या वर्षांनीं त्याचा घात केला. मद्याची संवय जडली, पैसा हातीं ठरेना, शरीराची जोपासना सुटली. हा दोष त्याचा स्वतःचा होता, तो दुसऱ्या कोणाच्या माथीं मारतां येत नाहीं. तरीपण ज्या माणसाला त्याचें योग्य काम करूंच दिलें जात नाहीं, तो आळस व व्यसन यांच्या तावडींत लवकर सांपडतो, हें धर्मगुरु या नात्यानें आम्ही अनेक घरांत पाहिलेलें आहे. याच काळांत, १८९७ सालीं, बॉब फिट्झसिमन्सनें कॉर्बेटला हरवून जगज्जेतेपद मिळविलें. फोलीच्या तालमीचा एक शिष्य शिखरावर चढला. दुसऱ्याला पायथ्याशींच अडविण्यांत आलें होतें.

२२ मार्च १८९८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें जॅक्सन पुन्हां आखाड्यांत उतरला. समोर बावीस वर्षांचा बलदंड जेम्स जेफ्रीज होता, जो पुढच्याच वर्षीं जगज्जेता झाला. जॅक्सनचें केवळ नांव उरलें होतें. तिसऱ्या फेरींत सारें संपलें. त्यानंतर त्याची प्रकृति ढांसळली. १९०० सालीं तो ऑस्ट्रेलियास परतला व कांहीं दिवस एका सर्कशीबरोबर हिंडला. परंतु क्षयरोगानें त्याला गांठलें होतें. कोरड्या हवेचा गुण येईल या आशेनें त्याला क्वीन्सलँडमधील रोमा या गांवीं नेण्यांत आलें, आणि तेथेंच १३ जुलै १९०१ रोजीं त्याचा अंत झाला. वय सुमारें चाळीस. ब्रिस्बेन शहराच्या टूवाँग दफनभूमींत त्याचा देह मातीच्या स्वाधीन केला गेला.

पुढें सात वर्षांनीं, २६ डिसेंबर १९०८ रोजीं, जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी मल्लानें टॉमी बर्न्सला हरवून जगज्जेतेपद पटकाविलें. तो सामना सिडनींतच झाला, म्हणजे जॅक्सननें जेथें पहिला धडा गिरविला त्याच नगरांत. ज्या दारापुढें जॅक्सन आयुष्यभर तिष्ठत राहिला, तें दार अखेर एकदां उघडलें. १९९० सालीं मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरानें पहिल्यांदाच वीरांचा सन्मान केला, तेव्हां त्या वीरांत पीटर जॅक्सन याचें नांव होतें. त्यावेळीं त्याला मरून एकोणनव्वद वर्षें झालीं होतीं.

त्याच्या कबरीवर लोकांनीं संगमरवरी स्मारक उभारलें आहे. ज्याला मिळावयाचें होतें तें पद मिळालें नाहीं, त्याच्या शिळेवर काय कोरावें? ज्यांनीं तें काम केलें त्यांनीं मोजक्या शब्दांत एवढीच साक्ष दिली कीं येथें निजलेला हा खरोखर एक मनुष्य होता. जिवंतपणीं ज्याच्या मनुष्यत्वाविषयींच वाद घातला गेला, त्याला याहून मोठी पदवी कोणती द्यावयाची?

आमच्या धर्मग्रामांतील तरुणांनीं जॅक्सनपासून दोन गोष्टी घ्याव्या: अंगांतील बळाला लगाम घालण्याचें शिक्षण, आणि व्यसनाचा धाक. परंतु आम्हां वडीलधाऱ्यांना त्याची कथा निराळाच प्रश्न विचारते. सॅलिव्हन दुष्ट नव्हता. चारचौघे वागत तसा तो वागला, आणि त्याला शाबासकीही मिळाली. आपल्या पंगतींत, आपल्या सोयरिकींत, आपल्या घराच्या उंबऱ्यावर आपणही अशी एखादी रेषा आंखून ठेविली आहे काय, आणि तिच्या पलीकडे कोणी गुणी माणूस वर्षानुवर्षें तिष्ठत उभा आहे काय, हें ज्याचें त्यानें आपल्या अंतःकरणांत डोकावून पाहावें.