रमजानमधली लंडनची कुस्ती

तरावीह आटोपली की चहाच्या टपरीवर पोरांचा वाद रंगतो. डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती ठरवून केलेली, पिंजऱ्यातली एमएमए तेवढी खरी! गंमत म्हणजे भांडणारे बहुतेक जण दोन्ही बघतात. आणि वाद फार ताणला की दोन्ही बाजू एकच नाव घेतात, गामा पैलवान.

गुलाम मुहम्मद बक्ष ऊर्फ गामा यांचा जन्म १८७८ सालचा, काश्मिरी मुसलमान पैलवानांच्या घरातला. वडील लवकर गेले. दहाव्या वर्षी जोधपूरला बैठकांच्या स्पर्धेत हे पोर भल्याभल्यांसोबत शेवटपर्यंत टिकले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्यांना सांभाळले. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, पण जवळपास सात फुटी रहीम सुलतानीवालाही त्यांना पाडू शकला नाही.

१९१० मध्ये धाकटे भाऊ इमामबक्ष यांच्यासह ते लंडनला गेले. तिथे कुस्ती हा तिकिटाचा खेळ झाला होता आणि कित्येक निकाल आधीच ठरलेले असत. गामांना उंचीवरून स्पर्धेत घेतलेच नाही. मग त्यांनी आव्हान दिले की, कुठल्याही वजनाचे तिघे आणा, अर्ध्या तासात पाडतो. लोकांना ती जाहिरातबाजी वाटली. अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्यांनी चीत केल्यावर मात्र हसणे थांबले.

१० सप्टेंबरला पोलंडचा झ्बिश्को समोर आला. हिजरी १३२८ च्या रमजानचा तो पहिला आठवडा. (मुसाफिराला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत असते.) झ्बिश्को लगेच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक वेळ मॅटला घोरपडीसारखा पालथा चिकटून राहिला. एमएमएमध्ये कुणी जमिनीवर नुसताच पडून राहिला की आजचे प्रेक्षक ओरडतात, तसेच तेव्हाचेही वैतागले. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेच्या फेरकुस्तीला झ्बिश्को आलाच नाही, पट्टा गामांना मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा मिनिटभरात निकाल लागला.

१९७६ साली जपानच्या इनोकीने मुहम्मद अलींशी मिश्र लढत केली आणि त्याच वर्षी कराचीत इमामबक्ष यांचा मुलगा अक्रम याचा हात पिळून निकामी केला. अक्रमने हार मात्र कबूल केली नाही. ते बघायला गामा नव्हते.

फाळणीच्या दंगलीत लाहोरच्या मोहनी रोडवर जमाव आला, तेव्हा हिंदू शेजाऱ्यांच्या दारात गामाच आपले पठ्ठे घेऊन उभे राहिले होते. पुढे आजारपणात पैशांची ओढाताण झाली. तेव्हा भारतातून दरमहा मदत पाठवणारे होते उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. २३ मे १९६० रोजी लाहोरातच गामांचा इंतकाल झाला.