मार्टिन ल्यूथर

मार्टिन ल्यूथर (१० नोव्हेंबर, १४८३ - १८ फेब्रुवारी, १५४६) हे जर्मन धर्मशास्त्रज्ञ व ख्रिस्ती धर्मसुधारणा चळवळीचे प्रवर्तक होते. ल्यूथरन पंथाची बाप्तिस्म्याविषयीची शिकवण मुख्यतः त्यांच्या लेखनावर आधारलेली आहे.

त्यांचा जन्म आइसलेबेन येथे झाला. दुसऱ्याच दिवशी, संत मार्टिन यांच्या सणाला, त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यावरूनच नाव ठेवले गेले. एरफुर्ट येथे कायद्याचे शिक्षण घेत असताना १५०५ मध्ये ते वादळात सापडले आणि तेव्हा केलेल्या नवसानुसार ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. मठाची दीक्षा त्या काळी जणू दुसरा बाप्तिस्माच मानली जाई. १५१७ मध्ये पापक्षमापत्रांविरुद्ध ९५ प्रमेये मांडल्यानंतर पोपशी त्यांचा संघर्ष सुरू झाला व १५२१ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले.

चर्चच्या सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच त्यांनी अखेरीस मान्य केले. पाण्याला स्वतःचे सामर्थ्य नसून, पाण्याशी जोडलेल्या देवाच्या वचनामुळे पापक्षमा मिळते, असे त्यांचे मत होते. बाप्तिस्मा एकदाच होत असला, तरी रोजच्या पश्चात्तापातून माणूस त्याकडेच परततो. म्हणून मठवासाच्या व्रताने त्यात काही भर पडत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. १५२३ मध्ये त्यांनी बाप्तिस्म्याचा विधी जर्मन भाषेत आणला. १५२९ च्या दोन्ही प्रश्नोत्तरग्रंथांत ही शिकवण सविस्तर आली आहे.

१५२५ पासून झुरिकमध्ये प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणारा गट पुढे आला. बालकाला श्रद्धा कशी असेल, हा त्यांचा प्रश्न होता. संस्कार माणसाच्या श्रद्धेवर उभा केला, तर कोणालाच त्याची खात्री उरणार नाही, असे उत्तर ल्यूथर यांनी १५२८ मध्ये दिले. हा वाद ग्रंथांपुरता राहिला नाही. १५२९ च्या स्पायर येथील शाही फर्मानाने पुनर्बाप्तिस्म्यासाठी देहदंड ठरवला. १५३१ मध्ये मेलांख्थोन यांनी लिहिलेल्या, अशा शिक्षेस अनुकूल असलेल्या अभिप्रायाला ल्यूथर यांनीही संमती दिली. वर्म्सच्या सभेत सद्सद्विवेकाचा आधार घेणाऱ्या ल्यूथर यांच्या चरित्रातील ही बाब झाकता येण्याजोगी नाही.

याउलट, बाप्तिस्म्यापूर्वीच मूल दगावलेल्या मातांसाठी १५४२ मध्ये लिहिलेल्या छोट्या लेखात त्यांचा सूर अगदी मृदू आहे. आईची व्याकूळ इच्छा हीच देव प्रार्थना म्हणून स्वीकारतो, असा दिलासा त्यांनी त्यात दिला. त्यांची स्वतःची मुलगी माग्दालेना त्याच वर्षी वारली.

१५४६ मध्ये, एक तंटा मिटवण्यासाठी गेले असता, आइसलेबेन येथेच त्यांचे निधन झाले.